एका दगडाचे तीन चोर

१

दाराच्या चौकटीवर जिथे दगड असायचा, तिथे भोक होतं.

ते पहिल्यांदा दलालाच्या नजरेला पडलं. तीन दिवसांची झड पहाटे थांबली होती. चार वाजता खरेदीदार बाई सह्या करायला येणार, त्याआधी घर नीटनेटकं आहे ना हे बघायला तो दहालाच येऊन ठेपला होता. बूट पायपुसण्यावर घासले, सवयीने वर बघितलं आणि तसाच उभा राहिला.

'ऐतिहासिक फार्महाऊस विकणे आहे. फुलबाग, भाजीबाग, कुंपणासह घोड्यांचं कुरण,' ही जाहिरात त्यानेच लिहिली होती. जाहिरातीतला 'ऐतिहासिक' हा शब्द त्या एका दगडावर उभा होता. दोन फूट लांब, फूटभर उंच, चार इंच जाड. त्यावर कोरलेलं साल, सालाखाली घोड्याचा नाल. साल बरोबर असेल तर घर दोनशे वर्षांचं. नसेल तर एक जुनं, ओल आलेलं घर, बस्स.

साल बरोबर आहे का हे तपासायला जिला बोलावलं होतं ती मुलगी नेमकी त्याच क्षणी फाटकातून आत आली. एमएस्सी होऊन तिला आठ महिने झाले होते. जुन्या इमारतींचा चुना तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. हातात बाटल्यांची पेटी, गळ्यात भिंग.

"चुना लावणारे आजवर पुष्कळ भेटले," असं तिची ओळख होताच दलाल म्हणाला होता, "तपासणारी ही पहिलीच." तेव्हापासून घरात सगळे तिला चुनेवाली म्हणू लागले. तिचीही काही हरकत नव्हती.

घराच्या आवारात आदल्या रात्री चौघं झोपली होती. थोरले, म्हणजे घरातले मोठे भाऊ. शहरात त्यांचा जनावरांचा दवाखाना. त्यांची बायको, वहिनी. धाकटी बहीण, जिची म्हातारी घोडी अजून कुरणात चरत होती. आणि बागेच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात माळीकाका, चाळीस वर्षांपासून.

दलालाने एकेकाला अंगणात बोलावलं. आदल्या संध्याकाळी सहाला त्याने स्वतः दगड जागेवर पाहिला होता. मग त्याने दाराखालच्या गुलाबाच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. सगळी बाग चिखलात लोळत होती, आणि हा एकच वाफा ताजा, दाताळ्याने विंचरल्यासारखा सारखा केलेला.

वाफा कुणी ओढला, असं त्याने विचारलं. माळीकाका म्हणाले, मी, पहाटे.

"शिडीच्या पायांचे खड्डे बुजवले," दलाल म्हणाला, आणि पिशवीतून एक जुना कागद काढला. भावंडांच्या वडिलांनी मरण्याआधी लिहून ठेवलेला. घर कुणालाही विकलं तरी माळी 'जोवर प्रामाणिकपणे राहील तोवर' बागेतलं घर त्याचंच राहील. खरेदीदार बाईंनी ही अट मान्य केली होती. दलालाला मात्र ती सुरुवातीपासून घशात अडकलेल्या काट्यासारखी वाटत होती. तो कागद घडी घालत म्हणाला, की हे कलम आज मेलं. संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा.

धाकटी पुढे आली.

"काकांनी काही केलेलं नाही. दगड मी नेला."

२

पोलिसांना बोलावलं तर व्यवहार सहा महिने लोंबकळेल, हे दलालाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने चुनेवालीला बाजूला घेतलं. तुम्ही शास्त्रवाली माणसं, चार वाजेपर्यंत दगड शोधून द्या, तपासाची फी दुप्पट समजा. तिने फी आहे तीच ठेवायला सांगितली. पण वही उघडली. तिला उत्तराची घाई नव्हती, प्रश्नाची होती.

धाकटी तिला कुरणाच्या फाटकापाशी भेटली. घोडीच्या मानेवर हात फिरवत तिने सगळं घडाघडा सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी घर विकायचं ठरलं तेव्हा तिने वाटणीत दुसरं काही मागितलं नव्हतं, फक्त तो दगड. दादा हसला होता. "दगड काय डोक्यावर घेऊन फिरणार आहेस?" म्हणाला होता. सगळ्यांसमोर. तेव्हा काल रात्री तिने तो उतरवला, घोडीच्या गाडीत टाकला आणि कुरणातून मागच्या रस्त्याला नेला. तिथून मैत्रिणीच्या मोटारीत. मैत्रिणीचं नाव ती सांगणार नाही.

चुनेवाली कुंपणाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारून आली. बूट घोट्यापर्यंत रुतत होते. कुरणात घोडीच्या खुरांचे ठसे होते, पावसाने अर्धे भरलेले. चाकाची एकही रेघ नव्हती.

"गाडी तरंगत गेली का?" तिने विचारलं.

धाकटीने घोडीकडे पाहिलं, जणू उत्तर तिलाच माहीत होतं. मग म्हणाली, की तुला कळलंय तर गप्प बस. माझं काय जातंय? मला कुणी घराबाहेर काढणार नाही. काका बासष्ट वर्षांचे आहेत, कुठे जातील?

चुनेवालीने वहीत लिहिलं: पहिली कबुली, खोटी. कारण कळलं.

परत येऊन बघते तर माळीकाका दारात तिचीच वाट पाहत उभे होते. टोपी हातात.

"ताईचं ऐकू नका," ते म्हणाले. "दगड मी काढला."

३

काकांची कबुली जास्त सुबक होती. मध्यरात्री शिडी लावली, पहारीने दगड उचकटला, विहिरीत टाकला. पहाटे शिडीच्या खुणा पुसायला वाफा ओढला. दलालसाहेब बोलले ते अक्षर न् अक्षर खरं आहे. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, म्हणजे आता संपलं.

चुनेवालीने शिडी पाहायला मागितली.

शिडी औजारांच्या खोलीत भिंतीला टेकून होती. तिने वाकून पायांना बोट लावलं. लाकूड कोरडं ठाक होतं आणि दोन पायांमध्ये कोळ्याने घट्ट जाळं विणलेलं. पहार तिच्या शेजारी, गंजलेली. टोकाला कुठेही चुना लागलेला नव्हता. भोकाच्या कडाही तिने खालून पेटीतल्या दुर्बिणीतून पाहिल्या होत्या. एकही ओरखडा नाही.

"काका, तीन दिवसांच्या पावसात शिडी कोरडी कशी?"

"पुसली."

"आणि जाळं?"

काकांनी हळू आवाजात विचारलं, की ताईला काय होईल. म्हणजे त्यांना खरंच वाटत होतं, की धाकटीनेच दगड नेलाय. चुनेवालीने नाही म्हणून मान हलवली, तर त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नाही, गोंधळ दिसला. मग कुणी?

तिने वाफ्याचं विचारलं. आता खोटं बोलायला कारण उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सरळ सांगितलं. उजाडायच्या सुमारास ते फुलबागेत आले तर दाराखाली पांढरं काहीतरी पडून चिखलात लगदा झालं होतं. त्यांना वाटलं, भिंतीचा गिलावा ढासळला. नेहमीच ढासळतो. दहाला लोक येणार, म्हणून दाताळ्याने मातीत ओढून टाकलं.

"वर पाहिलं नाहीत?"

"माळ्याची मान खाली असते, पोरी. वर फक्त आंबे पाहतो."

रात्री दगड उतरवला तर खाली पांढरा लगदा कसा? तिला कशाचाच अर्थ लागत नव्हता. एकदा वाटे सगळे खोटं बोलतायत, एकदा वाटे सगळे खरं बोलतायत पण वेगवेगळ्या दगडांबद्दल. हा दुसरा विचार तिने वेडगळ म्हणून खोडून टाकला.

स्वयंपाकघरात वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"लिहून घे," वहिनी म्हणाली. "मी घेतला."

४

आता वहीत चोर तीन, दगड एक.

वहिनीचा उजवा गुडघा पट्टीत होता. तिने सांगितलं, पहाटे खुर्चीवर चढून दगड काढला आणि भाजीबागेमागच्या ओढ्यात टाकला. का, तर या घराला ती विटली होती. बारा वर्षं प्रत्येक सुट्टीला इथेच यायचं, ओलीचा वास घ्यायचा, नणंदेची घोडी बघायची. दगड नसला की व्यवहार फिसकटेल आणि सगळ्यांची खोड मोडेल. बोलताना तिच्या आवाजात खरा राग होता. चुनेवालीला वाटलं, राग खरा आहे, बाकी नाही.

"चौकट जमिनीपासून नऊ फुटांवर आहे," ती म्हणाली. "खुर्चीवरून हात पोचला?"

"पोचला."

"आणि उतरवलात कसा? जड असेल."

"छे, जड कसला. एका हाताने निघाला. ताटाएवढा तर हलका."

चुनेवालीने कागदावर गुणाकार केला. लांबी, उंची, जाडी, दगडाची घनता. पंचेचाळीस किलो. तिने आकडा वहिनीपुढे सरकवला. वहिनी आधी आकड्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा एकदम उतरला, चुकीचं बोलल्यावर उतरतो तसा नाही. नको ते बोलल्यावर उतरतो तसा.

बाहेर दलाल घड्याळ दाखवत होता. साडेबारा. माळीकाकांच्या दारात एक ट्रंक आणि दोन बोचकी येऊन बसली होती. थोरले व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. सकाळपासून त्यांनी कबुली दिली नव्हती की कुणावर आरोप केला नव्हता. विचारलं तर एवढंच म्हणाले, की काका कबूल करतायत तर विषय संपवा, लोकांना चार वाजता बोलावलंय.

चुनेवाली काकांच्याच शिडीवर चढली. भोकापाशी डोकं नेलं, विजेरी लावली, आणि काही वेळाने वरूनच म्हणाली, की हा दगड काल रात्री गेलाच नाही.

५

भोकाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात कुंभारमाशीचं घर होतं. सुकलेल्या चिखलाचं, अंगठ्याएवढं, पाच खोल्यांचं. ती शिडीवरून उतरून अंगणात सगळ्यांना ते सांगू लागली आणि सगळे तिच्याकडे असे पाहू लागले, जणू तिला ऊन लागलंय.

तिने पुन्हा सावकाश सांगितलं. माशी अंडं घालते, खोली चिखलाने बंद करते. पिल्लू वाढून बाहेर पडताना बंद खोलीला भोक पाडतं. याला किमान तीन आठवडे लागतात. तिथल्या पाचही खोल्यांना भोकं आहेत, म्हणजे पाचही माश्या उडून गेल्यात. आणि त्या जागी चार इंच जाड दगड बसलेला असता तर माशीला घर बांधायला जागाच नव्हती.

"म्हणजे दगड महिनाभरापूर्वीच गेला?" धाकटीने विचारलं.

"कमीत कमी."

दलाल उखडला. त्याने काल सहाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. धाकटीनेही पाहिला होता. काकांनीही. माशी खरी की तीन माणसं खरी?

दोन्ही खरे असतील तर, असं स्वतःशीच म्हणत चुनेवाली वाफ्यात गुडघ्यांवर बसली. गुलाबाच्या मुळाशी चाचपडून तिने मातीतून पांढरे खडे वेचले, वाटाण्याएवढे, काही सुपारीएवढे. मग पेटीतून दोन काचेच्या वाट्या काढल्या. एकीत भोकातून खरवडलेला जुना चुना, दुसरीत वाफ्यातला खडा. दोन्हींवर पातळ आम्लाचे चार-चार थेंब. जुन्या चुन्याला आम्ल लागलं की तो फसफसतो, हे तिने हात चालू ठेवूनच सांगितलं.

पहिली वाटी फसफसली. दुसरीत थेंब तसेच बसून राहिले.

"हा भिंतीचा चुना नाही," ती म्हणाली. "हे प्लास्टर ऑफ पॅरिस आहे."

मग तिच्या हिशोबात सगळं एकापाठोपाठ बसत गेलं, आणि सकाळी खोडलेला विचार तिने पुन्हा लिहून काढला. दोन दगड होते. खरा, पंचेचाळीस किलोचा, महिन्याहून आधी कुणीतरी सावकाश, चुना ओला करून, एकही ओरखडा न पाडता काढला. त्याच्या जागी साच्यातून काढलेलं प्लास्टरचं पातळ सोंग चिकटवलं, वर दगडी रंग दिला. मागे पोकळी राहिली, तिथे कडेच्या फटीतून शिरून माशीने संसार थाटला. दाराच्या वरची पन्हळ तुटकी आहे. तीन दिवस भिंतीतून पाणी आत झिरपत राहिलं. सोंगाच्या तोंडाला रंग होता, पाठीला नव्हता. पाठ पाणी पीत गेली. पहाटे कधीतरी ते आपलं आपण गळून पडलं आणि वाफ्यात फुटलं. रात्री शिडी लागली नाही, कारण रात्री कुणी चढलंच नाही.

धाकटी हसायला लागली आणि मग थांबली. "पण असलं सोंग बनवायला येतं कुणाला?"

चुनेवालीने एक मोठा खडा बोटांनी मोडला. आतून पांढरे धागे निघाले, जाळीदार कापडाचे. नुसतं प्लास्टर ओतलं तर एवढी पातळ लादी उचलतानाच तुटते. म्हणून करणाऱ्याने आत कापड घातलं होतं, विचार न करता, हाताला सवय असल्यासारखं.

ती व्हरांड्याकडे वळली.

"डॉक्टर, वासराचा पाय मोडला, तुम्ही प्लास्टर घातलंत. मालकाला काय सांगता?"

थोरल्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता उत्तर दिलं, हजार वेळा दिलेलं. "महिनाभर पाणी लागू देऊ नका."

पेपर खाली आला.

६

वहिनीच आधी बोलली, आणि ती नवऱ्याशी नाही, धाकटीशी बोलली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिने ते पांढरं ताट वाळत घातलेलं पाहिलं होतं, एका हाताने उचलून पाहिलं होतं. वासराचं काहीतरी असेल म्हणून तेव्हा तिने लक्ष दिलं नाही. आज सकाळी भोक पाहिलं आणि तिला ते ताट आठवलं, म्हणून नवऱ्याचं नाव येण्याआधी तिने चोरी स्वतःवर घेतली. खरा दगड कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, पण आता अंदाज होता.

"कपाटामागे," थोरले म्हणाले. "घोंगडीत."

त्यांनी सांगितलं ते फार थोडं होतं. दीड महिन्यापूर्वी माळीकाका मुलीकडे चार दिवस गेले होते. थोरले घर दाखवायला म्हणून एकटे आले, जनावरं उचलायच्या कप्पीने दगड उतरवला, आणि दवाखान्यात सोंग करून चार दिवसांत जागेवर बसवलं. बागा विकायला त्यांना काही वाटलं नव्हतं. कुरण विकायलाही नाही.

"दगड का मग?" धाकटीने विचारलं.

"मला तो हवा होता."

"मग घ्यायचास. मी दिला असता."

"तू मागितलास तेव्हा मी हसलो होतो. सगळ्यांसमोर. नंतर मागायचा कसा?"

चुनेवालीला वाटलं, हे कारण वहीत लिहिलं तर कुणी वाचून कारण म्हणणार नाही. तरी तिने ते जसंच्या तसं लिहिलं.

पण काकांचं काय, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत काकांनीच विचारला. ते आपल्या ट्रंकेवर बसले होते, आणि त्यांनी थोरल्यांना लहानपणीच्या नावाने नाही, 'डॉक्टर' म्हणून हाक मारली.

"डॉक्टर, मी कबूल केलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"सामान बांधत होतो ते दिसत होतं?"

थोरल्यांनी खाली बघितलं. त्यांना वाटलं होतं, चार वाजेपर्यंत थांबावं, सह्या झाल्या की काकांना गाठून काहीतरी मार्ग काढू, शहरात खोली बघू. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकवेना आणि ते मध्येच थांबले.

दलाल मात्र खुशीत होता. दगड शाबूत, व्यवहार शाबूत. तो गाडी घेऊन थोरल्यांबरोबर दवाखान्यात गेला आणि साडेतीनला दोघं घोंगडीत गुंडाळलेला दगड उचलून आत आले, घामाघूम. चुनेवालीने दगडाच्या पाठीला चिकटलेला जुना चुना तपासला, भोकातल्या चुन्याशी ताडून पाहिला. एकच होता. साल खरं होतं. तिचं काम तिथे संपलं, तरी तिचा पाय निघेना.

७

खरेदीदार बाई वेळेवर आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचणाऱ्या. दलाल घडलेल्या प्रकाराला 'किरकोळ गैरसमज' म्हणत होता. धाकटीने त्याला थांबवून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, दगडावर हात ठेवला, आणि विचारलं की माळी कुठे आहे.

माळीकाका आले, पण बसले नाहीत. बाई म्हणाल्या, की तुमच्यावर आता कसलाच आळ नाही, वडिलांच्या कागदाप्रमाणे घर तुमचंच आहे, सामान परत लावा.

"कागदात एक ओळ आहे," काका म्हणाले. "ती खोडा."

कुठली, असं दलालाने विचारलं. काकांनी बोट ठेवलं. जोवर प्रामाणिकपणे राहील तोवर.

दलाल समजावू लागला, की ती तर नुसती बोलायची पद्धत आहे, तिचा आता तुम्हाला काही त्रास नाही, उलट तुम्ही प्रामाणिक ठरलात.

"आज सकाळी दहाला मी चोर होतो," काका म्हणाले. "दुपारी दोनला प्रामाणिक. उद्या कुणाचा कप फुटला की परत बघायचं का? राहायचं तर मी राहतोय म्हणून राहीन. नाहीतर ट्रंक बांधलेली आहेच."

बाईंनी थोरल्यांकडे पाहिलं. वडिलांच्या अक्षरातली ओळ होती. खोडायची तर ती वारसांनीच. थोरल्यांनी खिशातून पेन काढलं, प्रिस्क्रिप्शन लिहायचं, आणि वडिलांच्या शब्दांवरून एक रेघ ओढली. बाजूला सही केली. धाकटीने केली. बाईंनी केली.

काकांनी कागद उचलला, व्हरांड्याच्या कडेला नेला आणि उन्हात धरून आरपार पाहिला. रेघेखालचे शब्द अजून वाचता येत होते.

त्यांनी कागद परत थोरल्यांपुढे ठेवला.

"अजून एकदा," ते म्हणाले. "जरा जोर देऊन."